पेरणी मोडण्याआधी अर्धा एकर राखून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी आर्द्रा नक्षत्र लागलं की आपल्या पेपरात एक बातमी येते. सोयाबीन उगवलं नाही, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीचं संकट. सोबत रिकाम्या वावरात उभ्या असलेल्या एखाद्या शेतकऱ्याचा फोटो असतो. बातमी खरी असते, फोटोही खरा असतो. पण त्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं जायचं, काय हातात घेऊन जायचं, हे त्यात कधी लिहिलेलं नसतं. २०२२ च्या खरिपात तशा वावरात मी उभी होते. पुढचं सगळं मला विचारत विचारत शिकावं लागलं. ते मृग लागायच्या आत छापलंत तर उपयोग होईल. जुलैत छापून काही फायदा नाही.

आमची साडेचार एकर जमीन आहे. मालकांना अर्धांगवायू झाल्यापासून शेती मीच बघते. त्या वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका कृषी सेवा केंद्रातून मी सोयाबीनच्या ३३५ वाणाच्या पाच बॅगा घेतल्या. २५ किलोची एक, तीन हजार चारशे रुपयाला. कंपनी दुसऱ्या राज्यातली. बॅगेवर छापलं होतं, किमान उगवणशक्ती ७० टक्के. साडेचार एकराला एकरी ३० किलोने दहा किलो कमी पडत होतं, म्हणून जाऊबाईंकडचं घरचं बियाणं घेतलं आणि बांधाकडचे शेवटचे आठ-नऊ तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, त्याचे पेरले. ट्रॅक्टर एक, पेरणी यंत्र एक, वाफसा एक, दिवस एक. पुढं माझी सगळी तक्रार या आठ-नऊ तासांवर उभी राहिली. तेव्हा मला त्याची काही कल्पना नव्हती.

सहाव्या दिवशी बांधाकडचं बियाणं जमिनीतून वर आलं. बाकी वावर काळंच. आठव्या दिवशी उकरून पाहिलं तर दाणे फुगून नासले होते, बोटात धरले की पीठ व्हायचे. दुकानावर गेले. दुकानदार म्हणाले, "काकू, खोल पडलं असंल. नाहीतर पाऊस दडपून झाला असंल. सीलबंद बॅग आहे, मी काय आत हात घातलाय का?" खोल पडलं असतं तर बांधाकडचंही खोलच पडलं असतं, असं मी म्हणाले. त्यावर ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

गावात आणखी अकरा जणांनी त्याच कंपनीचं बियाणं पेरलं होतं. त्यातल्या एकानेही लेखी तक्रार केली नाही. त्याचं कारण मला लिहायलाच हवं, कारण ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ते सगळे उधारीवर माल घेणारे. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं त्याच दुकानातून, आणि पैसे सोयाबीन विकल्यावर. उधारीच्या माणसाला दुकानदार छापील बिल देत नाही, वहीत मांडून कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. तक्रार करायची म्हटलं तर हातात बिल नाही. आणि केलीच, तर पुढच्या महिन्यात युरिया कोण देणार? मी रोख दिले होते, तेही मालकांच्या औषधासाठी ठेवलेल्या पैशातून, म्हणून माझ्याकडं पक्की पावती होती. त्यावर वाण, लॉट नंबर आणि किंमत होती. खाली ठळक अक्षरांत हेही होतं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

हे वाक्य कायद्यापुढं टिकत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणं, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. उधारीवर घेतलं तरी बिलाचा हक्क जात नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे, त्यातही रोखीचं असो वा उधारीचं, विक्रेत्याने बिल दिलंच पाहिजे असं आहे. माझ्या गावच्या अकरा जणांना हे त्या दिवशी माहीत असतं तर किती जण बोलले असते ते मी सांगू शकत नाही. पण दोघे-तिघे तरी बोलले असते.

नवव्या दिवशी मी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज दिला, एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. दोन्ही प्रतींवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. अर्ज तोंडी सांगून येऊ नका, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. अर्जासोबत पावतीची झेरॉक्स, बॅगेच्या टॅगचा फोटो आणि सातबारा जोडला. तालुक्याला बियाण्याच्या तक्रारींसाठी समिती असते. ती वावरात येते, उगवण मोजते, पंचनामा करते. त्यात कृषी खात्याचे अधिकारी असतात आणि कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो. आमच्याकडं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आले होते.

पण समिती आली सतराव्या दिवशी. खरी अडचण इथं आहे. बियाणं खराब आहे याचा पुरावा कपाटात ठेवता येत नाही, तो जमिनीत असतो. आणि शेतकऱ्याला तीच जमीन आठ-दहा दिवसांत कुळवून पुन्हा पेरावी लागते, नाहीतर हंगाम जातो. समितीची वाट बघावी तर पीक जातं, पीक वाचवावं तर पुरावा जातो. गावातल्या सगळ्यांनी तेराव्या-चौदाव्या दिवशी पेरणी मोडली. माझे दीर म्हणाले, "वैनी, मोडून टाका, कागदानं पोट भरत नाही." त्यांचंही चुकलं नव्हतं. मी चार एकर मोडून पुन्हा पेरलं आणि बांधाकडचा अर्धा एकर तसाच ठेवला, ज्यात एका बाजूला कंपनीचे तास होते आणि दुसऱ्या बाजूला जाऊबाईंच्या बियाण्याचे. मोडण्याआधी पुतण्याकडून मोबाइलवर चारी कोपऱ्यांचे फोटो काढून घेतले. शेजारच्या दोघांना उभं करून एका कागदावर तारखेसह सह्या घेतल्या.

समितीने त्या अर्ध्या एकरात एक-एक मीटरचे तास धरून रोपं मोजली. कंपनीच्या बियाण्याची उगवण सरासरी ३१ टक्के. घरच्या बियाण्याची ७८. शास्त्रज्ञ साहेबांनी पेरणीची खोलीही मोजली आणि ती योग्य असल्याचं पंचनाम्यात लिहिलं. हे मी त्यांना हात जोडून लिहायला लावलं, कारण "उगवण कमी आढळली" एवढंच लिहून समिती निघून गेली तर कंपनी पाऊस आणि खोली यांवर बोट ठेवते. पंचनाम्यावर सही करण्याआधी शेवटपर्यंत वाचा. उगवण कमी होण्याचं कारण लिहिलंय का, लॉट नंबर लिहिलाय का, तेवढं तरी बघा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला सोबत उभं करा.

बॅगेबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बियाण्याची बॅग वरून, शिलाईकडून फोडू नये. खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचं सील आणि टॅग जसाच्या तसा राहतो. आतलं पसाभर बियाणं कापडी पिशवीत बांधून, वर लॉट नंबर लिहून ठेवावं. मी पाचातल्या चार बॅगा वरून फाडल्या होत्या आणि टॅग वावरातच उडून गेले. पाचवी बॅग पुतण्याने खालून फोडली, तीही घाईत. त्या एका बॅगेचा टॅग कामाला आला.

नंतर मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर फोन केला. फोन मराठीत घेतला, तक्रार नंबर मिळाला, तक्रार कंपनीकडं गेली. त्यानंतर कंपनीचा माणूस गावात आला. तेव्हा भाद्रपद लागला होता. त्याने सगळ्यांना एका बॅगेला एक बॅग बदलून देतो म्हणून सांगितलं आणि एका छापील कागदावर सह्या मागितल्या: 'माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार राहिली नाही.' भाद्रपदात सोयाबीनची बॅग घेऊन काय करायचं? पण गावातल्या सहा जणांनी सही केली, बॅग घेतली आणि ती आडतीत मालाच्या भावाने विकली. त्यांना पैशाची गरज होती, त्यांना मी बोल लावणार नाही. मी सही केली नाही.

ऑक्टोबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. लोकांना वाटतं यासाठी वकील लागतो, हजारो रुपये फी लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. आपण स्वतः उभं राहून बोलू शकतो. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला एक रुपयाही फी नाही. इथं किंमत म्हणजे आपण दुकानात मोजलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. माझे मोजलेले सतरा हजार. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. कंपनी दुसऱ्या राज्यात असली तरी तिथं जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ही सोय नव्या कायद्याने दिली आहे आणि माझ्यासारखीला ती फार मोठी आहे. आता ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल करता येते. मी मात्र हाताने लिहिलेला अर्ज घेऊन एसटीने गेले होते. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले केलं. दुकानदार माझ्यावर नाराज झाले, अजून आहेत. पण दोघांपैकी एकाला सोडलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

कंपनीने लेखी म्हणणं त्रेचाळिसाव्या दिवशी दिलं. कायद्याने तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. त्यात तीन मुद्दे होते. पाऊस आणि खोली हा पहिला, त्याला पंचनाम्यातच उत्तर होतं. दुसरा असा की, ही बाई पीक विकून नफा कमावते, म्हणजे तिने व्यापारासाठी बियाणं घेतलं, म्हणून ती ग्राहकच नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं. साडेचार एकरावर घर चालवणं हा यांच्या लेखी व्यापार. तिसरा मुद्दा, तक्रारदाराने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला नाही.

या दोन्ही मुद्द्यांची उत्तरं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्येच दिलेली आहेत. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी हे ते प्रकरण, आंध्रातल्या शेतकऱ्यांचं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं तिथं ठरलं. शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, तपासणीसाठी राखून ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही ठरलं. त्याच लॉटचं बियाणं विकणाऱ्याकडं असतं. त्याला आपलं बियाणं चांगलं असल्याचं दाखवायचं असेल तर त्याने ते तपासून घ्यावं. हा निकाल मला ग्राहक चळवळीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी शोधून दिला. मी त्याची प्रत जोडली आणि सुनावणीच्या दिवशी उभी राहून एवढंच म्हणाले की, साहेब, माझा नमुना अर्ध्या एकरात उभा होता, समितीने तो मोजलाय.

कायद्यात लिहिलंय की तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणीची गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. माझ्या तक्रारीला एकोणीस महिने लागले. एसटीचे चौदा हेलपाटे झाले. प्रत्येक तारखेला मालकांकडं बघायला शेजारणीला बसवून जावं लागायचं. आयोगांत माणसं कमी आहेत, जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात. हे शासनाने बघायला हवं, कारण गरीब माणूस तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर येणं बंद करतो आणि समोरच्याला ते चांगलं ठाऊक असतं.

मे २०२४ मध्ये निकाल लागला. बियाणं, पहिल्या पेरणीचं ट्रॅक्टरभाडं आणि डीएपी मिळून २७,८०० रुपये, त्यावर नऊ टक्के व्याज, उत्पन्न घटल्याबद्दल चाळीस हजार, मानसिक त्रासाचे पाच आणि खर्चाचे तीन. उत्पन्नाचं मी जास्त मागितलं होतं. दरवर्षी एकरी सात-आठ क्विंटल होतं, त्या वर्षी उशिराच्या पेरणीला चार झालं. पण मागच्या वर्षांच्या आडतीच्या पट्ट्या मी जपल्या नव्हत्या, त्यामुळं पूर्ण धरलं गेलं नाही. माल विकल्याच्या पट्ट्या फाडून टाकू नका, आणि ई-पीक पाहणी वेळेवर करा. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर पेरलं होतं हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

निकालानंतरही पैसे आले नाहीत. अपिलाला पंचेचाळीस दिवस असतात, आणि कंपनीला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तिने अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. मग मी आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज दिला. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटीस गेली आणि तीन आठवड्यांत रक्कम खात्यावर आली.

संपादक साहेब, आपल्यामार्फत कृषी खात्याला माझी एक मागणी आहे. समितीने तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वावरात यावं. ते जमत नसेल तर गावच्या कृषी सहायकाने दोन पंचांसमोर तारीख-वेळेचे फोटो काढून केलेला पंचनामा समितीने ग्राह्य धरावा. २०१९ च्या दिवाळीत काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं, आणि २०२० च्या खरिपात बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, काढणीत भिजलं, मळणीत मार लागला, बॅगांची उंच थप्पी लागली की उगवण जाते. हे कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. असं वर्ष पुन्हा येणार आहे, आणि तेव्हाही समिती सतराव्या दिवशीच येणार असेल तर तक्रारीचा हक्क कागदावर राहील.

आणि शेतकरी भावा-बहिणींना एक. बॅग आणल्यावर लगेच खालून थोडी उसवून शंभर दाणे काढा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर चांगले मोड आले तर पेरा. फारच कमी आले तर पेरूच नका, बॅग, पावती आणि ते गोणपाट घेऊन दुकानावर जा. तिथंच भागलं तर आयोगाचे चौदा हेलपाटे वाचतात. त्या वर्षी मी हे केलं नाही, कारण कंपनीच्या बॅगेचीही परीक्षा घ्यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदाचं गोणपाट परवापासून ओसरीत गुंडाळून ठेवलंय. माझ्या तक्रार अर्जाची प्रत पत्रासोबत पाठवत आहे. कुणी वाचकाने मागितली तर कृपया झेरॉक्स द्यावी. नाव-गाव मात्र छापू नये ही विनंती, त्याच दुकानावरून अजून आमच्या गावाला खत येतं.

आपली,
एक शेतकरी वाचक, मराठवाडा